बावीकडचा उतार

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी सरकारी लाल गाडीच्या स्टिअरिंगमागे काढली. तळेऱ्यावरून विजयदुर्गाकडे वळणारा रस्ता, पावसात वाहून जाणाऱ्या साइडपट्ट्या, कुठल्या वळणावर कुठला खड्डा, हे सगळं हा माणूस आजही नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलतो. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर नातवंडं खेळवतात. ह्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली.

"तीस वर्षां खड्ड्यांतना गाडी हाकलंय. आता माका माझ्या दारात तरी खड्डो नको."

दारात म्हणजे आमच्या खळ्यात. घरापुढचं लाल मातीचं अंगण. पावसाळा सरला की ते खणायचं, सपाट करायचं, पाणी मारून चोपायचं आणि शेणाने सारवायचं. कंबर मोडणारं काम. मग दिवाळीपासून ते मेपर्यंत त्यावर कुळीथ वाळतो, आमसुलं वाळतात, पाहुणे खाटा टाकून झोपतात. आणि पावसाळ्यात तेच खळं म्हणजे नुसता चिखल. आम्ही घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मालवणहून तारकर्ली-देवबागकडे जाणारा रस्ता दारावरूनच जातो, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नाही. पण पांढरे बूट घालून आलेली बाई गाडीतून उतरली आणि पहिलंच पाऊल चिखलात गेलं की तिचा चेहरा बघवत नसे. खरं सांगायचं तर हसू येई, पण धंदा आहे, हसून चालत नाही.

तर ह्यांनी ठरवलं, खळ्यात पेव्हर ब्लॉक घालायचे.

आता आमच्या बावीबद्दल सांगायला हवं. बाव म्हणजे विहीर. आमची बाव आमच्या हद्दीत नाही आणि शेजारच्या हद्दीतही नाही. ती बरोबर दोन घरांच्या सीमेवर आहे. दोन्हीकडून दगडाचा गडगा येतो आणि बावीच्या काठावर थांबतो. रहाट दोन, एक आमच्या बाजूला, एक त्यांच्या. कोणा पूर्वजांनी असं ठरवलं कोण जाणे, पण आमच्याकडे अशा बावी पुष्कळ. जमीन वाटता येते, माड वाटता येतात, पाण्यात गडगा घालता येत नाही, हे त्यांना कळलं असणार.

पलीकडच्या रहाटावर चाची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा बंदरावर व्यापार करायचा, तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. आता घरात मुलगा, सून आणि चाचीची जीभ. मुलाची होडी आहे, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. आमचे पाहुणे त्याच्याच होडीत जातात. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून चाची आणि मी बावीवर रोज भांडत आलो आहोत. कोंबड्यांवरून, माडाच्या झावळ्या कोणाच्या हद्दीत पडल्या त्यावरून, माझ्या सोलकढीत खोबरं कमी असतं त्यावरून. सकाळी एकदा तिच्याशी भांडण झालं नाही तर मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही.

दिवाळीनंतर ब्लॉक आले. हे लेव्हलची नळी घेऊन आठवडाभर खळ्यात ओणवे. गवंड्याला तर नुसतं ब्लॉक उचलायचं काम ठेवलं. मध्येच एक कल्पना ह्यांच्या डोक्यात शिरली आणि ती त्यांनी जेवताना मला ऐकवली.

"येवढो पाऊस पडता आणि सगळो खाडीत जाता. आणि वैशाखात बावीचो तळ दिसता. ह्येका काय अक्कल म्हणतत? खळ्याचो उतार बावीकडे देतंय. सगळा पाणी बावीत जांवदे."

हे ऐकून मी घास तसाच ठेवला. मला ती कल्पना अगदी थोर वाटली. वैशाखात बाव किती खाली जाते हे दोरी ओढणाऱ्या माझ्या हातांना माहीत. इतका पाऊस डोळ्यांदेखत समुद्राला मिळतो आणि मेमध्ये आम्ही अर्ध्या कळशीसाठी ताटकळतो, हे प्रत्येकाच्या मनात सलत असतंच. ह्यांनी बावीच्या काठाचा खालचा एक चिरा काढला, तिथे हातभर रुंद भोक ठेवलं, आणि सगळं खळं त्या भोकाकडे हळूच कललं. वाडीतली माणसं बघायला आली. एकाने गोटी सोडून बघितली, ती घरंगळत नेमकी भोकात. टाळ्या पडल्या. चाचीसुद्धा गडग्यावरून वाकून म्हणाली, "डोक्याचो माणूस आसा गो तुझो घोव." तिने ह्यांची स्तुती केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तो हंगाम छान गेला. गाड्या दारापर्यंत यायच्या. पाहुणे समुद्रावरून वाळूने भरलेले पाय घेऊन आले की धुवायला आम्ही एक नळ काढून दिला. कोणी गाड्याही तिथेच धुवायचे. मासळी मी पूर्वी अळवाच्या वाफ्याजवळ साफ करायची, आता अळू राहिलं नव्हतं, म्हणून ब्लॉकवरच बसायची. पाणी ओतलं की सगळं लख्ख. सारवणाचं काम गेलं म्हणून माझी कंबरही खूश होती.

मग पाऊस सुरू झाला आणि बाव बघता बघता वर आली. पूर्वी आषाढ अर्धा सरेपर्यंत जी पातळी यायची ती आठवड्यात आली. हे रोज सकाळी बावीत डोकावून बँकेतली ठेव बघावी तसे खूश होत.

पहिल्यांदा काय बिघडलं ते मला पाण्याने सांगितलं नाही, चाचीच्या रहाटाने सांगितलं. तो वाजेनासा झाला. एक दिवस गेला, दोन गेले. मला वाटलं, बरं नसेल. तिसऱ्या दिवशी बघते तर चाची पावसात डोक्यावर कळशी घेऊन वाडीच्या टोकाच्या सार्वजनिक नळावरून येते आहे. तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना ती सगळ्या गावाला शिव्या देते. मी धावत गेले.

"चाची, बाव सोडून नळार कित्या?"

"नळाचा पाणी जवळ पडता गो बाय," ती म्हणाली.

बाव तिच्या स्वयंपाकघरापासून हाकेवर. आणि नळ वाडीच्या टोकाला. ती मला खोटं सांगत होती, तेही गोड आवाजात. चाची माझ्याशी गोड बोलते म्हणजे काहीतरी फार वाईट झालेलं आहे.

घरी येऊन मी बावीचं पाणी तांब्यात घेतलं आणि पहिल्यांदा नीट चाखलं. आम्हाला सवय होत गेली होती बहुतेक. पाहुणे बाटलीचं पितात, त्यामुळे त्यांच्याकडूनही तक्रार नव्हती. पण त्या सकाळी ते पाणी मला जड लागलं. जिभेवर काहीतरी मागे राहत होतं. पेजेला वास होता. चाचीच्या लक्षात कधीच आलं असणार आणि ती गप्प बसली, कारण तिच्या मुलाची होडी आमच्या पाहुण्यांवर चालते. आपण भांडलो आणि ह्यांनी रागाने पाहुणे दुसऱ्या होडीवर पाठवले तर, असं तिच्या मनात आलं असेल. माझ्याशी उभा जन्म भांडलेल्या बाईला माझी भीती वाटावी, याचं मला जे वाईट वाटलं ते आजही जात नाही.

ग्रामपंचायतीचा माणूस पावसाळ्यात बावींचं पाणी तपासायला येतो. हा गडी घरात अस्सल मालवणी बोलतो, पण बाटली हातात आली की सरकारी मराठी. त्याने छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवलं. पाणी चांगलं असेल तर ते तसंच राहतं, घाण मिसळलेली असेल तर काळं पडतं. दुसऱ्या दिवशी बाटली काळी. "सदर पाणी पिण्यास अयोग्य आहे," असं आम्हाला सांगून त्याने बावीत जंतू मारायची पावडर टाकली आणि उकळून प्या म्हणाला.

आता चूक आपली असेल असं ह्यांच्या मनात येणार तरी कसं? खळं ह्यांनी स्वतःच्या हाताने घातलेलं. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि गडग्यापलीकडे ह्यांना चाचीच्या संडासाची टाकी दिसली. मी थांबवेपर्यंत हे गडग्यावरून मोठ्याने बोलून मोकळे झाले, "तुमची टाकी पाझरता, चाची! बाव नासवलात!"

चाची अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या रहाटावरची दोरी काढलेली होती.

मी ह्यांच्याशी बोलणं सोडलं. म्हणजे जेवायला वाढलं, पण नुसतं वाढलं. हे म्हणत, माझं काय चुकलं ते सांग. मला सांगता येत नव्हतं, कारण टाकी खरंच पाझरत असेल तर? तेवढी शंका माझ्याही मनात होती आणि तिचाच मला जास्त राग येत होता.

चतुर्थीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं. रात्रभर पाऊस धो धो कोसळून गेला होता. सकाळी मी बावीतून कळशी ओढली तर तिच्यात सिगारेटचं थोटूक. आमच्या घरात कोणी ओढत नाही. चाचीच्या घरात तर मुलाने विडी ओढली तर तीच त्याला जाळील. आदल्या संध्याकाळी मुंबईहून आलेला एक पाहुणा मात्र गाडीला टेकून ओढत उभा होता, ते मी पाहिलं होतं. गाडी उभी होती खळ्याच्या पार त्या टोकाला.

मी कळशी तशीच ठेवली आणि छत्री घेऊन खळ्यात उभी राहिले. परत सर आली. मी पाण्याच्या मागोमाग चालले. ते गाडीखालून निघालं, पाय धुवायच्या नळाजवळचा साबणाचा फेस त्याने सोबत घेतला, मी बांगडे साफ केले होते तिथली खवलं घेतली, कोंबड्यांनी केलेली घाण घेतली, आणि एवढी सगळी वरात ह्यांनी आखून दिलेल्या उताराने, कुठेही न थांबता, वाजतगाजत बावीत गेली. पूर्वी पाऊस खळ्यात पडायचा तेव्हा माती तो पिऊन घ्यायची आणि मग सवडीने, गाळून बावीला द्यायची. आम्ही त्या मातीवर झाकण घातलं होतं आणि गाळणं काढून टाकलं होतं.

"अहो, हयसर येवा!" मी ओरडले. बऱ्याच दिवसांनी हाक मारली म्हणून हे चहा अर्धा टाकून धावत आले. मी हातात टोप दिला आणि म्हटलं, भोकाखाली धरा. ह्यांनी बावीच्या काठावर ओणवं होऊन टोप धरला. क्षणात भरला. वरती रंगीत तवंग, खाली काळी कच.

"गाळ आसा थोडो," हे म्हणाले. "पावसात गाळ येताच."

"वास घेवा."

ह्यांनी नाक खाली नेलं. मग टोप खाली ठेवला. परत उचलला, परत वास घेतला. ज्या वासावर आमचं घर चाललं, जो वास रोज संध्याकाळी ह्यांच्या शर्टाला यायचा आणि मी नाक मुरडायची, तो ह्यांना ओळखू येणार नाही होय?

"डिझल," हे म्हणाले. भर पावसात तिथेच बसून राहिले. माझा इतक्या दिवसांचा राग कुठच्या कुठे गेला. माणूस वाईट नव्हता हो. त्याला फक्त एक सपाट जागा हवी होती आणि भरलेली बाव.

दुपारी पाऊस थांबला तसे हे गडग्याला वळसा घालून चाचीच्या दारात गेले. मागोमाग मी. आयुष्यात ह्यांनी कधी कोणाची माफी मागितलेली मला आठवत नाही, गाडी उशिरा आली तरी हे रस्त्याला बोल लावायचे.

"चाची, बाव माझ्यामुळा नासली," हे म्हणाले. "तुमच्या टाकीचो काय्येक दोष नाय."

चाचीने ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बस," एवढंच म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा नळाच्या पाण्याचा होता. आम्ही तो मान खाली घालून प्यायलो.

दुसऱ्या दिवसापासून हे पहार घेऊन ब्लॉक उपटू लागले. मी म्हटलं, अहो दिवाळीचे पाहुणे तोंडावर आलेत, गाड्या कुठे लावणार? त्यावर ह्यांनी ऐकवलेलं वाक्य आता वाडीत म्हणीसारखं झालं आहे. "गाडी चाकांर चलता गो, पोटार नाय." म्हणजे काय, तर ह्यांनी रस्त्यालगत, बावीपासून लांब, फक्त चाकांपुरत्या दोन दोन पट्ट्या ब्लॉकच्या ठेवल्या. मधे गवत. एवढी वर्षं गाडी हाकली त्याचा उपयोग असा शेवटी झाला. बाकीचं खळं परत मातीचं. उतार उलटा केला, माडांकडे. माडांच्या अलीकडे एक लांब चर खणला, त्यात चिऱ्याचे तुकडे आणि वाळू भरली, वर अळू आणि कर्दळ लावली. पाय धुवायचा नळ तिकडेच नेला. बावीचं भोक चिऱ्याने बुजवून काठ वर उचलला. पुढे पाऊस पूर्ण थांबला तेव्हा पंप लावून बाव उपसली. तळाशी काळा, बुळबुळीत गाळ निघाला. तो काढायला चाचीचा मुलगा न बोलावता आला आणि ह्यांच्याबरोबर कमरेइतक्या चिखलात उतरला.

चाची मात्र गडग्यापलीकडून बघत होती. "तुझी गाडी कदी येळार इली नाय रे," ती ह्यांना म्हणाली. "आता बावीचा पाणी येळार येतला?" ती टोमणा मारते आहे हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन पदराने डोळे पुसले. पण दोरी काही तिने परत लावली नाही.

बाव परत भरली, परत उपसली, परत पावडर टाकली. पंचायतीच्या माणसाची बाटली एकदा काळी पडली, मग मळकी, आणि थंडी पडल्यावर एकदाची जशीच्या तशी राहिली. "सदर पाणी पिण्यास योग्य," तो म्हणाला आणि मग सरकारी मराठी सोडून, "चला, माका पण वायच द्या," म्हणत स्वतःच तांब्याभर प्यायला. मी धावत चाचीला सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, बाटली बोलता ता बरा. पण कळशी घेऊन नळावरच गेली. मला राग यायला हवा होता, आला नाही. विश्वास काय पाण्यासारखा उपसून परत भरता येतो?

आमची एक बाव सुधारली म्हणून सगळं सुधारलं असं काही नाही. वाडीची वाट पंचायतीने सिमेंटची केली आहे, तिचं पाणी गटाराने थेट खाडीत जातं. गटार जिथे खाडीला मिळतं तिथे बायका आता तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला उतरत नाहीत, वास येतो म्हणतात. पण वाडीत ज्याला ज्याला खळं बांधायचं असतं तो आधी ह्यांच्याकडे येतो. आमचे हे आता उताराचे जाणकार झाले आहेत. हातात काठी घेऊन दुसऱ्याच्या अंगणात उभे राहतात आणि पाणी कुठून कुठे जाईल ते सांगतात, आणि मी मागून सांगते की आधी बावीकडे पाठ करा. दोन घरांनी चाकांच्या पट्ट्या ठेवल्या. त्या सिमेंटच्या वाटेच्या कडेला तरी चर खणू म्हणून पंचायतीत अर्जही गेला आहे. होईल, नाही होणार, पण लोक पावसात छत्री घेऊन पाण्याच्या मागे चालायला लागले आहेत, हे मी डोळ्यांनी बघते.

फाल्गुनात उन्हं तापली आणि रमजान आला. दिवसभर उकडत होतं. संध्याकाळी मी खळ्यात बसून कुळीथ निवडत होते आणि हे माडांना पाणी घालत होते. चाची बावीच्या पलीकडे येऊन उभी राहिली. एका हातात खजूर, दुसऱ्या हातात रिकामा पेला. दिवसभराच्या रोजाने तिचे ओठ सुकलेले होते.

"पाणी काढ गो," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बावीचा?"

"मग काय समुद्राचा?"

मी कळशी सोडली. घाईत ती दोनदा काठावर आपटली. ह्यांच्या हातातला पाइप जमिनीवर पडून तसाच वाहत होता आणि हे पुतळ्यासारखे उभे होते. मी पेला भरून दिला. चाची तो हातात धरून थांबली. बाजाराकडच्या मशिदीतून अजान सुरू झाली तशी तिने खजूर तोंडात टाकला आणि मग डोळे मिटून, एका दमात, सगळा पेला रिकामा केला.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, चव सांगेल म्हणून.

तिने पेला माझ्यापुढे धरला. "आणखी वत."